ढिगाखालची ओल



गेल्या डिसेंबरात एका रात्री इशाच्या नमाजनंतर आमच्या जमातीतल्या एका भगिनींचा फोन आला. वयाने मोठ्या असल्याने मी त्यांना आपा म्हणतो. इमामाला अशा वेळी फोन येतात ते बहुधा तलाकचे, वारसाच्या वाटणीचे किंवा आजाऱ्यासाठी दुआ मागण्याचे. हा प्रश्न एका पर्सचा होता. ऐकताना मला मनातल्या मनात हसू आले, हे कबूल केले पाहिजे. फोन ठेवला तेव्हा मात्र ते हसू उरले नव्हते. आपांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

हकीकत अशी. आपांचे यजमान दुबईत नोकरीला आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनी तिथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून तीन हजार दिरहमला एक नामांकित फ्रेंच कंपनीची चामड्याची पर्स घेतली. नवी घेणे त्यांच्या ऐपतीबाहेरचे होते. दुकानदाराने दिलेल्या कागदावर वस्तूची स्थिती 'उत्तम' अशी लिहिलेली होती. पर्स कोकणात आली. दोन लग्नांत आणि एका अकीक्यात मिरवली आणि मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली गेली. आगोट लागली. आपले घर खाडीकाठी असेल तर पुढचे मी सांगायला नको. मिठाला पाणी सुटते, पापड सादळतात, मशिदीतल्या कुरआनच्या प्रतींची पानेसुद्धा जड होतात. श्रावणात केव्हातरी आपांनी पिशवी उघडली तेव्हा पर्सवर पांढरी-हिरवी बुरशी होती आणि आतून कुबट वास येत होता. आतल्या कप्प्याचे अस्तर बोटाला चिकटत होते.

त्यांनी ती कोरड्या फडक्याने पुसली, सावलीत वाऱ्यावर ठेवली, मऊ ब्रशने शिवण साफ केली. दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा तेच झाले, तिसऱ्यातही तेच. आता डिसेंबर होता, हवा कोरडी होती आणि पर्स दिसायला नव्यासारखी होती. घराच्या छपराचे वासे बदलायचे होते, पैशाची गरज होती. मोबाईलवर फोटो पाहून सोलापूरच्या एका बाईंनी ती घ्यायची तयारी दाखवली होती. किंमतही ठरली होती. आपांनी विचारले, "मौलाना, त्यांनी बुरशीचं काही विचारलं नाही. आज पर्सला वासही नाही. मग मी होऊन सांगायलाच हवं का? आणि बुरशी काय मी आणली? पावसानं केलं ते."

मी म्हणालो, "आपा, उद्या सांगतो."

उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. मदरशाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकवला जाणारा हा विषय आहे. तरीही मी रात्र मागून घेतली, त्याचे कारण पुढे येईल.

अशा प्रश्नाचे उत्तर देताना आम्हा मंडळींना उधळपट्टीवर प्रवचन देण्याचा मोह होतो. तीन हजार दिरहमच्या पर्सची मुळात गरज काय, असे विचारणे सोपे आहे. पण मला कोणी तो प्रश्न विचारला नव्हता. माणसाला चांगला कपडा आणि चांगली पादत्राणे आवडली तर तो गर्व ठरतो काय, असे एका सहाबींनी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सौंदर्याची आवड निषिद्ध ठरवली नाही. सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे गर्व, असे त्यांनी सांगितले. एकोणीस वर्षे घरापासून दूर राहिलेल्या नवऱ्याने बायकोसाठी आणलेली वस्तू मी इथे तराजूत घालणार नाही. नकली पर्स अस्सल म्हणून मिरवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. जे आपल्याला मिळालेले नाही ते मिळाल्याचा देखावा करणाऱ्याला हदीसमध्ये असत्याची दोन वस्त्रे पांघरणाऱ्याची उपमा दिली आहे. पण आपांची पर्स अस्सल होती. अडचण तिच्या अस्सलपणाची नव्हती, ओलीची होती.

आता ती हदीस पाहू, जी आपणांपैकी बहुतेकांनी जुम्याच्या खुतब्यात ऐकली असेल. 'सहीह मुस्लिम'मध्ये ह. अबू हुरैरा (र.) यांच्याकडून ती आलेली आहे. प्रेषित (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. हे काय, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. त्यावर पाऊस पडला होता, असे उत्तर त्याने दिले. मग लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, हे त्यांनी स्पष्ट केले.

ही हदीस मी किती वेळा सांगितली असेन! पण त्या रात्री प्रथमच माझे लक्ष विक्रेत्याच्या उत्तराकडे गेले. तो खोटे बोलला नव्हता. पाऊस खरोखरच पडला होता आणि पावसाचा दोष त्याचा नव्हता. प्रेषितांनीही पावसाबद्दल त्याला बोल लावला नाही. धान्य भिजले कसे, हे त्यांनी विचारलेच नाही. त्यांनी विचारले ते इतकेच की ओले खाली आणि कोरडे वर, ही मांडणी कोणी केली? "पावसानं केलं ते" हे आपांचे म्हणणे अक्षरशः त्या धान्यवाल्याचे होते. ते खरे असल्यामुळेच त्याचा आधार घ्यावासा वाटतो.

आणखी एक गोष्ट. धान्यवाल्याला कोरडा थर निदान स्वतःच्या हाताने वर आणावा लागला असेल. आपांना तेवढेही करावे लागले नाही. डिसेंबर महिनाच त्यांच्या ढिगाचा वरचा थर झाला होता. चामड्यावरची बुरशी पुसली की दिसेनाशी होते. पण तिचे बीजाणू चामड्याच्या रंध्रांत आणि शिवणीत टिकून राहतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता 65-70 टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की ती पुन्हा फुटते. आपल्या किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये ती 85 च्या पुढे असते. अस्तराचे दुखणे तर याहून वाईट. अनेक पर्सच्या आतल्या कप्प्यांना पॉलियुरेथेनचा लेप असतो. हवेतील पाण्याच्या अंशामुळे वर्षानुवर्षे त्याचे विघटन होत राहते. तो आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे निघतात. त्याला औषध नाही, अस्तरच बदलावे लागते. म्हणजे डिसेंबरात कोरडी दिसणारी ही पर्स पुढच्या आषाढाची बातमी पोटात घेऊनच फिरत होती, आणि ती बातमी फक्त आपांना ठाऊक होती.

मी मराठीचा विद्यार्थी, त्यामुळे एक गंमत इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. फिकहमध्ये वस्तूतील दोषाला 'ऐब' म्हणतात आणि तो शब्द आपल्या मराठीतही जुना आहे. पण मराठीचा स्वतःचा शब्द आहे 'खोट'. नाण्यात खोट असते, सोन्यात खोट असते. 'खोट' आणि 'खोटे' हे एकाच घरचे शब्द. वस्तूत खोट असणे हा काही अपराध नव्हे. ती झाकली की मालक खोटा ठरतो.

दोष कशाला म्हणावे, याचा फकीहांनी बारकाईने विचार केला आहे. हनफी ग्रंथांत कसोटी दिली आहे ती अशी की, व्यापाऱ्यांच्या रिवाजानुसार ज्यामुळे किंमत कमी होते तो दोष. कोकणातले आपण बहुतेक शाफई. शाफई फकीह वस्तूच्या किमतीबरोबर तिच्या हेतूकडेही पाहतात. इथेच हवामानाचा प्रश्न येतो. जी पर्स रत्नागिरीत दरवर्षी बुरशी धरते, ती सोलापूरच्या कोरड्या हवेत बिनबोभाट दहा वर्षे टिकू शकेल. मग सोलापूरच्या ग्राहकापुरता तो दोषच नव्हे, असे म्हणता येईल काय? आपांनी दुसऱ्या दिवशी नेमका हाच मुद्दा मांडला. त्या दहावीनंतर शिकल्या नाहीत, पण त्यांचा युक्तिवाद एखाद्या मुफ्तीला शोभावा असा होता.

याचे उत्तर मला ह. वासिला बिन अस्का (र.) यांच्या हकीकतीत सापडले. 'मुस्नद अहमद'मध्ये ती आहे. एका माणसाने उंटीण विकत घेतली आणि तो निघाला. ह. वासिला (र.) घाईघाईने त्याच्यामागे गेले आणि तिच्यातला दोष तुला सांगितला आहे काय, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, चांगली धष्टपुष्ट तर दिसते आहे. त्यांनी पुढे विचारले, मांसासाठी घेतलीस की प्रवासासाठी? हजच्या प्रवासासाठी, असे उत्तर मिळताच त्यांनी सांगितले की तिच्या खुराला भोक पडले आहे. विकणारा चिडला. माझा झालेला सौदा का मोडता, असे तो म्हणाला. त्यावर त्यांनी प्रेषितांची शिकवण सांगितली. वस्तूतला दोष न सांगता ती विकणे कोणाला हलाल नाही, आणि ज्याला दोष ठाऊक आहे त्याने गप्प राहणेही हलाल नाही.

मांसासाठी की प्रवासासाठी, या प्रश्नात मला सगळे सापडते. फुटका खूर मांस घेणाऱ्याच्या दृष्टीने दोष नव्हता, मक्केला निघालेल्याच्या दृष्टीने फार मोठा होता. म्हणजे दोष वस्तूच्या वापरावर अवलंबून असतो, हे आपांचे म्हणणे बरोबरच होते. पण वापर काय, हे ह. वासिला (र.) यांनी मनाशी ठरवून टाकले नाही. त्यांनी विचारले. आपा मात्र फोनवरच्या पत्त्यावरून ठरवून मोकळ्या झाल्या होत्या की पर्स सोलापुरात राहणार.

मी म्हणालो, "आपा, त्यांना एवढंच विचारा की पर्स कुठे वापरणार?"

त्यांनी विचारले. उत्तर आले ते असे: सोलापूरच्या बाई ती पर्स स्वतःसाठी घेतच नव्हत्या. त्यांची मुलगी लग्न होऊन अलिबागला गेली होती आणि भेट तिच्यासाठी होती. अलिबाग म्हणजे समुद्रच.

यानंतर आपांनी पळवाट अशी शोधली नाही, पण मैत्रिणीने सुचवलेले दोन उपाय मला विचारले. एक, आतून थोडे अत्तर लावून द्यावे. याचे उत्तर सोपे होते. जनावराचे दूध दोन-तीन दिवस न काढता, कास फुगवून ते बाजारात उभे करण्यास प्रेषितांनी मनाई केली आहे आणि असे जनावर घेणाऱ्याला ते परत करण्याचा अधिकार दिला आहे. अत्तर लावलेली कुबट पर्स आणि फुगवलेली कास यांत मला फरक दिसत नाही. दुसरा उपाय कायदेशीर दिसतो. 'आहे तशी, कोणतीही तक्रार चालणार नाही' असे लिहून विकावे. जुन्या वस्तूंच्या बाजारात हे वाक्य आता सर्रास दिसते. हनफी मतानुसार विक्रेत्याने सर्व दोषांतून मुक्त असल्याची अट घातली आणि ग्राहकाने ती मान्य केली, तर नंतर वस्तू परत करता येत नाही. शाफई मतात ही सवलत फारच अरुंद आहे. मुक्या जनावराच्या आतील, विक्रेत्यालाही ठाऊक नसलेल्या दोषापुरतीच ती आहे. पण मत कोणतेही घ्या, ती अट न जाणलेल्या दोषासाठी असते. जाणून दडवलेल्या दोषाला ती कदाचित काझीपुढे झाकील, अल्लाहपुढे झाकणार नाही.

'मुवत्ता'मध्ये ह. अब्दुल्लाह बिन उमर (र.) यांची एक घटना आहे. त्यांनी त्या काळच्या प्रथेप्रमाणे एक गुलाम अशाच अटीवर आठशे दिरहमांना विकला. घेणाऱ्याने तक्रार केली की त्याला आजार होता आणि तो मला सांगितला नाही. प्रकरण ह. उस्मान (र.) यांच्यापुढे गेले. विकताना आजार ठाऊक नव्हता अशी शपथ घ्या, असे त्यांनी सांगितले. ह. इब्ने उमर (र.) यांनी शपथ घेतली नाही, गुलाम परत घेतला. अटीचा कागद हाती असलेला माणूस शपथेच्या शब्दापाशी थांबतो. आपापल्या व्यवहारांत आपण 'आहे तशी' लिहितो तेव्हा ती शपथ आपल्याला घेता येईल काय, एवढे पाहिले तरी पुरे.

दुबईच्या त्या दुकानाचे काय? पर्स त्याच्याकडे आली तेव्हाच अस्तर चिकट होऊ लागले होते, असा आपांना संशय आहे आणि तो खरा असू शकेल. तसे असेल तर तो दुकानदार अल्लाहला जबाबदार आहे. दोष कळताच वस्तू परत करण्याचा अधिकारही आपांना होता. शाफई मतात त्यासाठी विलंब चालत नाही. पण चार वर्षे उलटली, आपल्या कपाटातली बुरशी त्यात मिसळली, आता कोणती ओल कोणाची हे कोण सांगणार? आपल्याला फसवले गेले म्हणून ती फसवणूक पुढच्या हाती सोपवता येत नाही, एवढे मात्र निश्चित. जुनी वस्तू घेणाऱ्या भगिनींनीही थोडे शिकून घ्यावे. फोटोत हात घालता येत नाही आणि वास येत नाही. म्हणून पर्स आधी कुठे राहिली, किती पावसाळे पाहिले, आतला कप्पा बोटाला चिकटतो काय, हे विचारावे आणि पाहून परत करण्याची मुदत आधीच ठरवून घ्यावी. अस्तर कशाचे आहे हेही विचारावे. काही पर्सचे मखमली स्पर्शाचे अस्तर डुकराच्या कातड्याचे असते. इतर कातडी कमावल्याने पाक होतात, हे कातडे होत नाही. त्यात आपल्या दमट हवेत ओल्या हाताचा प्रश्न येतो तो निराळाच. ठेवताना प्लास्टिक टाळावे, सुती पिशवी वापरावी आणि अधूनमधून वारा द्यावा.

आपांनी सोलापूरला फोन करून सगळे सांगितले. तीन पावसाळ्यांची बुरशी आणि चिकट अस्तर, काहीच ठेवले नाही. त्या बाईंनी दोन दिवस मागितले आणि मग आठ हजार रुपये कमी करून पर्स घेतली. अस्तर बदलून मग मुलीला देईन, म्हणाल्या. त्या कोणत्या धर्माच्या हे आपांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. धान्याच्या ढिगापुढे कोण गिऱ्हाईक उभे होते, हेही हदीसमध्ये नोंदलेले नाही. छपराचे दोन वासे यंदा जुनेच राहिले.

आता मी ती रात्र का मागून घेतली ते सांगतो. जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीला पूर आला तेव्हा मी चिपळुणात शिकवत होतो. माझी दुचाकी पुराच्या पाण्यात बुडाली. दुरुस्त करून, पुसून, चकचकीत करून ती मी त्याच हिवाळ्यात विकली. घेणाऱ्याने पुराचे विचारले नाही. मी सांगितले नाही. त्यानंतर ढिगाची हदीस मी मिंबरवरून दोनदा तरी सांगितली असेल.

जानेवारीत मी त्या गृहस्थांकडे गेलो. त्यांनी हसून म्हटले, "मौलाना, सगळं चिपळूण पाण्यात होतं, तुमची गाडी तेवढी कोरडी राहील असं मला कधीच वाटलं नव्हतं." मला क्षणभर हायसे वाटले. मग मी विचारले, ठाऊक असते तर तेवढीच किंमत दिली असती का? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि नाही म्हणाले. इंजिन दोनदा उघडावे लागले होते. आम्ही दोघांनी बसून फरकाचा आकडा ठरवला, साडेपाच हजार. इमामाच्या पगारातून एकदम देणे शक्य नव्हते. दोन हप्ते दिले आहेत, तिसरा रमजानपूर्वी द्यायचा आहे.